ठिपक्यांचे कोडे आणि दोन ब्रेक

तारिणीच्या ओठांवर बावीस ठिपके होते. तपकिरी, काही मोहरीएवढे, काही तिळाएवढे. खालच्या ओठावर चौदा, वरच्यावर आठ. बोटांच्या टोकांवर होते ते वेगळेच. साबणाने ते जात नसत, खोबरेल तेलाने जात नसत. एकदा तिने लिंबू चोळून पाहिले, तर ओठ चुरचुरले आणि ठिपके होते तिथेच राहिले.

हे आले कुठून, ते तिला कोणीच सांगितले नव्हते. विचारायला माणसे तरी कुठे होती? रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून चाळीस किलोमीटर आत, भर समुद्रात एक तरंगता तळ होता. त्याच्याभोवती साठ पवनचक्क्या फिरत आणि अर्ध्या जिल्ह्याला वीज पुरवत. तारिणीचे बाबा, ओजस तांडेल, तिथले मुख्य तंत्रज्ञ. तळावर मोठी माणसे नऊ आणि मूल एकच.

शाळा पडद्यावर भरायची. पहिल्याच दिवशी वर्गातल्या एका मुलाने विचारले होते, "तू शाई पितेस का गं?" सगळा वर्ग हसला. बाईंनी त्याला दटावले, पण त्यानंतर तारिणी कोणाशी आपणहून बोलली नाही. मधल्या सुट्टीत मुले एकमेकांना आपापले डबे दाखवत, तेव्हा ती वरच्या डेकवर जाऊन बसे. तिथे पात्यांचा घूं-घूं आवाज सोडला तर काही नसे.

तारिणी तीन वर्षांची असताना आई गेली होती. "पोटात दुखून गेली," एवढेच बाबा सांगत आणि विषय बदलत.

त्या वर्षी, ती अकरा वर्षांची असताना, तिच्याही पोटात कळा येऊ लागल्या. यायच्या, तासाभराने जायच्या. बाबा ओवा द्यायचे. आईचे आठवून ते घाबरतील, म्हणून दुसऱ्या वेळी तिने सांगितलेच नाही. तिसऱ्या वेळी मात्र ती घामाघूम झाली आणि भिंत धरत धरत दवाखान्यात गेली. तिथे 'सिस्टर' होती. सिस्टर म्हणजे तळावरचा यंत्रमानव, चार हातांचा आणि मऊ आवाजाचा.

सिस्टरने रक्ताचा थेंब तपासला, पोटावरून गार चकती फिरवली, आणि मग बराच वेळ तिच्या ओठांकडे पाहिले.

"रक्त कमी आहे तुझं. तारिणी, घरात असे ठिपके आणखी कोणाला आहेत?"

 सिस्टरने बाबांना बोलावून घेतले. प्रश्न ऐकताच ते मटकन स्टुलावर बसले.

"हिच्या आईला होते," ते म्हणाले. "लहानपणी ओठांवर होते म्हणायची. मी पाहिले तेव्हा फक्त गालाच्या आतच उरले होते. हिला आले तेव्हा मी ते बघायचंच टाळलं."

"आणि तिच्या आईवडिलांना?"

"ते तिचे वडीलच सांगू शकतील."

तारिणीने मान वर केली. "मला आजोबा आहेत?"

सोमवारच्या बोटीने ते आले. डॉ. मंदार केळुसकर, वय वर्षे अडुसष्ट, उंच, किंचित वाकलेले. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ते शरीराच्या आत फिरणारी छोटी यंत्रे बनवत. बाबांनी त्यांना वाकून नमस्कार केला. आजोबा थेट तारिणीसमोर बसले आणि बॅटरी तिच्या हातात देऊन त्यांनी 'आ' केला.

"बघ आत. गालाच्या बाजूला."

तारिणीने उजेड टाकला. आजोबांच्या ओठांवर काहीच नव्हते, पण गालाच्या आतल्या बाजूला तेच तपकिरी ठिपके होते. तिच्यासारखेच.  दुसऱ्या माणसाच्या अंगावर ते ती पहिल्यांदाच पाहत होती.

"ओठांवरचे मोठेपणी फिके होतात," आजोबा म्हणाले. "आतले राहतात. याला प्यूट्झ-जेगर्स सिंड्रोम म्हणतात. लाखात एखाद्याला असतो. ठिपके म्हणजे नुसतं रंगद्रव्य (त्वचेला रंग देणारा पदार्थ) एका जागी साचलेलं. त्यांनी काही बिघडत नाही. पण ते एक निरोप देतात, की आत पोटातही बघा."

तारिणीने बॅटरी विझवली.

"मग तुम्ही आठ वर्षं का नाही आलात?"

बाबा दाराकडे वळले. आजोबांनी मान खाली घातली.

"तुझी आई कामाच्या मागे लागून दोन वर्षं तपासणीला गेली नाही. मी मागे लागायला हवं होतं. आणि हा आजार तिला माझ्याकडूनच मिळाला होता. ती गेल्यावर तुझ्या बाबांना तोंड दाखवायची हिंमत होईना. तुझ्या ओठांवर ठिपके आलेत का, हे विचारायची तर त्याहून होईना. भित्रा होतो मी, पोरी. त्याला दुसरा शब्द नाही."

तारिणी उठली आणि वरच्या डेकवर गेली. थोड्या वेळाने आजोबाही जिना चढून आले आणि तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बसले. दोघे पवनचक्क्यांकडे पाहत राहिले.

मग तीच म्हणाली, "आत काय होतं पोटात?"

"या चक्कीला ब्रेक किती असतात?"

"दोन. एक बिघडला तर दुसरा थांबवतो." हे तिला पाठ होते.

"आपलं शरीर पेशींचं (अतिशय सूक्ष्म जिवंत घटकांचं) बनलेलं असतं. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. हे कुठेतरी थांबायला हवं, नाहीतर वाढ सुटेल. म्हणून प्रत्येक पेशीत ब्रेकचं काम करणारं एक जनुक (शरीर कसं चालवायचं याची लिहून ठेवलेली सूचना) असतं. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. तुझी आणि माझी एक प्रत जन्मापासूनच चुकीची लिहिलेली आहे."

"म्हणजे आपण एकाच ब्रेकवर चालतो?"

"हो. आणि बहुतेक ठिकाणी तो एक पुरतो. पण आतड्यात कुठेतरी एखाद्या पेशीतला तोही कमी पडला, की तिथे वाढ थांबत नाही आणि पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची देठ असलेली गाठ) तयार होतो. अगदी आळंबीसारखा. त्यातून रक्त झिरपतं, म्हणून तुझं रक्त कमी झालंय."

"आणि कळा?"

आजोबांनी आपल्या सदऱ्याची लांब बाही पुढे ओढली, मनगटाशी चिमटीत धरली आणि आत ढकलली. बाहीत बाही शिरली. "आतडं अन्न पुढे ढकलत असतं. त्याबरोबर पॉलिपही ओढला जातो आणि आतड्यालाच असं आत खेचतो. सुटलं तर कळ थांबते. नाही सुटलं, तर..."

"आईचं नाही सुटलं."

"नाही. आणि काही गाठींचा पुढे कर्करोगही होऊ शकतो. म्हणून आयुष्यभर तपासत राहायचं."

तारिणीने गुडघे पोटाशी घेतले. "आणि मला पुढे मुलं झाली तर?"

"प्रत्येक वेळी नाणं उडवल्यासारखं. छापा पडला तर चांगली प्रत, काटा पडला तर ही. तुझ्या आईच्या वेळी काटा पडला. तुझ्या वेळीही."

"काटा तुम्ही मुद्दाम तर नव्हता ना पाडला?"

आजोबांनी चष्मा काढून पुसला. पुसतच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तारिणी फक्त पाण्यावर होती. सिस्टरने आधी पोटाचे चित्र घेऊन वाट मोकळी असल्याची खात्री केली. मग आजोबांनी बोराएवढी एक कॅप्सूल तिच्या तळहातावर ठेवली. आत कॅमेरा, दिवा आणि बारीक पाय. अडली तर मागेही फिरू शकणारी.

"ही मी तुझ्या आईसाठी बनवायला घेतली होती," ते म्हणाले. "वेळेत झाली नाही."

गिळताना तिला उमासा आला. बाबांनी पाठीवरून हात फिरवला. पुढचे पाच तास तिघे पडद्यासमोर बसून तिच्याच पोटातला गुलाबी बोगदा पाहत होते. लहान पॉलिप नऊ निघाले. दहावा जांभळाएवढा होता. तो दिसताच बाबांनी तिचा हात घट्ट धरला.

"हा आठवड्याच्या आत काढायला हवा," आजोबा म्हणाले. "आज दिसला, हे बरं झालं."

गुरुवारी बोटीने तिघे किनाऱ्यावर गेले. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तिला झोपवून तोंडातून एक लांब नळी आतड्यापर्यंत नेली आणि तारेच्या फासाने पॉलिप देठापाशी कापला. पोटाला टाका पडला नाही. जाग आली तेव्हा घसा दुखत होता आणि दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर बाबा आणि आजोबा बसल्या बसल्या झोपले होते. गाठीत कर्करोग नव्हता. उरलेल्या लहान गाठींवर लक्ष ठेवायचे होते.

आजोबा पुण्याला परतले आणि तळ पुन्हा पूर्वीसारखा झाला. फरक इतकाच की आता दर रविवारी त्यांचा फोन येई. जनुकाची चुकीची प्रत पेशीतच दुरुस्त करायचे प्रयोग चालू आहेत, असे ते सांगत. "उंदरात जमलंय. माणसात अजून नाही. खोटी आशा दाखवणार नाही तुला."

एका रविवारी तारिणीने मध्येच विचारले, "आजोबा, लाखात एक म्हणजे महाराष्ट्रात किती?"

"तूच काढ की."

तिने तेरा कोटींना लाखाने भागले. "तेराशे!" ती ओरडली. "तेराशे जण आहेत? मग दिसत का नाहीत?"

"कित्येकांना ठाऊकच नाही. ज्यांना ठाऊक आहे, ते आपापल्या घरात एकटे बसलेत. माझ्याकडे सदतीस जणांचे पत्ते आहेत. मी कधी त्यांना एकत्र आणलं नाही."

"मी आणते," तारिणी म्हणाली.

महिनाभर ती निरोप पाठवत होती; आपण गिळलेल्या कॅप्सूलबद्दलही तिने त्यांत लिहिले होते. बऱ्याच जणांनी उत्तरच दिले नाही. ठरलेल्या दुपारी पडद्यावर सहाच चौकोन उघडले. मोठी माणसे अवघडून बसली होती. शेवटच्या चौकोनात आर्वी गावची एक बाई होती, आणि तिच्या मांडीवर पाच वर्षांची मुलगी, ओठांवर हात दाबून धरलेली. 

मग त्या मुलीने बोटांच्या फटीतून हळूच विचारले, "ताई, ती कॅमेऱ्याची गोळी पोटात अडकली तर?"

तारिणी पडद्याच्या अगदी जवळ सरकली.

"तिला पाय आहेत गं," ती म्हणाली. "थांब, तुला सगळं सांगते."