नळ सैल करणारी बाई

त्याग हा गृहिणीच्या जीवनाचा अक्षय अलंकार आहे! पतीच्या सुखासाठी तिने मूकपणे गिळलेल्या अश्रूंची मोजदाद प्रत्यक्ष विधात्यालाही करता येणार नाही!... फक्त या त्यागाला मधल्या आकाराचा पाना लागतो, हे कुणी आधी सांगत नाही.

त्या दुपारी तो पाना घेऊन ती सिंकखाली निम्मी शिरली होती. बाहेर आरामखुर्चीत नवरा डोळे मिटून पडला होता. झोप नव्हती, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून पडला होता. तिने नळाखालचा नट सैल केला, थेंब टपकल्याची खात्री केली, पाना पिठाच्या डब्यामागे दडवला आणि कातर स्वरात हाक मारली, "अहो... नळ परत गळायला लागला!"

"काय? परत?" नवरा ताडकन उठला. आणि त्या निस्तेज चेहऱ्यावर, काय सांगावं, पहाट झाली! "बादली लाव! पाना कुठाय? या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ!"

ती मान खाली घालून बादली लावू लागली.

मालवाहतूक कंपनीतल्या सगळ्या ट्रकांची ये-जा इतकी वर्षं त्याच्या हाती होती. दोन कानांना दोन फोन. तिसरा वाजला की तो देवावर चिडायचा. सगळे ट्रक वेळेवर पोचले की त्याला वाटे, आपल्यापासून काहीतरी लपवताहेत. छातीत कळ आली तीही फोनवरच. पलीकडच्याला "जरा थांब" म्हणून तो कोसळला. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन बजावलं, "काम बंद, फोन बंद. यांना ताणाची चटक लागलीय. दारू सुटताना माणूस तडफडतो, तसे तडफडतील. कळवळून थोडी थोडी पाजू नका, म्हणजे झालं."

पण ते कळवळणं कुठे आपल्या हातात असतं! तो भिंतीकडे बघत बसे, रिकाम्या खिशात हात घालून नसलेला फोन चाचपे, ताटावरून अर्धपोटी उठे... तिच्या काळजाचं पाणी पाणी होई. एकदा नळ खरोखरच गळला आणि तो दोन घास जास्त जेवला. तेव्हापासून नळ, मग फ्यूज, मग कपाटाच्या किल्ल्या. रोज एक संकट ती आपल्या हातांनी शिजवून वाढत होती, आणि रोज बोलणी खात होती. "वेंधळी आहेस नुसती!" हे ऐकताना कपाटाची किल्ली तिच्याच बुटात टोचत असे.

पण आज नटाचा आटाच मेला होता, आता तो आवळून बसणार नव्हता. तो पाना शोधतोय, पाणी टपकतंय, तोच लेक आली. कानाला फोन, नजर घड्याळाकडे.

"आई, विसरभोळेपणाच्या डॉक्टरांची उद्याची वेळ घेतलीय. रोज काहीतरी हरवतेस तू... आता अंगावर काढायचं नाही."

हाही कलंक सोसावा... त्यांच्यासाठी सोसावा! तिने बादली सरळ केली.

आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे लकाकत होते! "माझा फोन आण! दुसऱ्या डॉक्टरला विचारू, तिसऱ्याला विचारू! गाडी सांग, रिपोर्ट काढ, सगळं मी बघतो!" कपाळावर घाम, एक हात छातीवर, आणि ओठांवर हसू.

आता अडकलेला ट्रक ती स्वतः होती! आणि इतके दिवस तिने वाढलं ते औषध नव्हतं...

तिने डब्यामागचा पाना काढला आणि टेबलावर ठेवला.

"मी काही विसरत नाही. तुम्ही शेवटचे कधी हसला होतात, तेवढं सोडून सगळं लक्षात आहे माझ्या! नळ मी सैल करते."

"म्हणजे... फ्यूज?"

"मीच."

"किल्ली?"

"बुटात."

"कुठल्या?"

"उजव्या."

तो मटकन बसला. "म्हणून लंगडत होतीस!... आणि मी तुला गुडघ्याचं मलम आणून दिलं."

"लावलं की मी ते!" तिला हुंदका आवरेना. "थकले हो मी... पार थकले. तुमच्यासाठी रोज नवी आग कुठून आणू?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्याला जणू आजच दिसली. "अगं... मला वाटायचं, मी घर सांभाळतोय..." लेकीने फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"मग आता काय करायचं?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"काही नाही. नळवाला सकाळी येईल. तोवर बसायचं."

"नुसतं?"

"नुसतं. हात द्या इकडे."

तिने त्याचे दोन्ही हात घट्ट धरले. थेंब पडत राहिले. आधी त्याचा गुडघा थडथडला, मग बोटं वळवळली, आणि बऱ्याच वेळाने, अनेक वर्षांचं ओझं उतरावं तसे त्याचे खांदे खाली आले. असे शांत तिने ते कधी पाहिलेच नव्हते...

"अगं..." तो हळूच म्हणाला.

तिने श्वास रोखला. एवढ्या संसारात न ऐकलेला एखादा शब्द आज...

"बादली काठोकाठ आलीय. एवढी एक बदलू का?"