तीन नारळांचा पूल

"समोर पूल आहे, सरळ जा," 'पथदर्शी'चा लाडिक आवाज म्हणाला आणि सर्जेरावाने कचकन ब्रेक दाबला. दोन हातांवर रस्ता संपला होता. खाली गढूळ नदी, काठावर शेवाळलेल्या तीन कोनशिला. पुलाचा पत्ता नव्हता.

"दादा, थांबलात का?" अ‍ॅम्ब्युलन्सच्या मागच्या भागातून रजनी सिस्टर ओरडल्या. "बाळ पायाळू आहे. अश्लेषाला लगेच टेबलावर घ्यायला हवं!"

जुन्या रस्त्याने रुग्णालय चाळीस किलोमीटर होतं. सर्जेराव बदली होऊन आठच दिवसांपूर्वी इकडे आलेला. महिन्याभरापूर्वी एका नकाशा-कंपनीने वाजतगाजत 'पथदर्शी' आणलं, जुने नकाशे सगळ्या फोनांतून पुसले गेले आणि अ‍ॅम्ब्युलन्सना तेच सक्तीचं झालं. त्याने खाली उतरून 'पथदर्शी'च्या मदतकेंद्राला फोन लावला.

"पूल आहे, सर," तिथली तरुणी म्हणाली. "आमची प्रणाली बातम्या, फोटो, सरकारी कागद वाचून नकाशा अनुमानाने काढते. या पुलाचं तीनदा भूमिपूजन झालंय. पूल असण्याची शक्यता अठ्ठ्याण्णव टक्के."

"अहो ताई, नारळ फोडला की पूल होतो का? मी काठावर उभाय!"

"तुमची तक्रार नोंदवली आहे, सर."

सर्जेरावाला शिसारी आली. नारळ फोडणाऱ्यांची, त्या नारळांवर विश्वास ठेवणाऱ्या यंत्राची, आणि डोळे मिटून त्या यंत्रामागे आलेल्या स्वतःचीही. तो कोनशिलेवर पचकन थुंकला.

तेवढ्यात आतून अश्लेषाची किंकाळी आली. आता मागे वळण्यात अर्थ नव्हता. सिस्टरने त्याला तिचे खांदे धरायला लावलं. आधी पाय आले, मग धड, आणि डोकं अडकलं. कसंबसं बाहेर आलेलं पोर निळंजांभळं होतं. सिस्टर पाठ चोळत राहिल्या. बऱ्याच वेळाने ते रडलं, तेव्हा अश्लेषाच्या बरोबरीने सर्जेरावही ढसाढसा रडला.

सिस्टरने फोनवर जन्माची नोंद उघडली. ठिकाणाचा रकाना 'पथदर्शी'ने आपणहून भरला होता: नदीवरील पूल. खोडायची सोय नव्हती. नोंद गेली आणि पडद्यावर नवा आकडा उमटला: पुलावर जन्माची नोंद मिळाली. शक्यता नव्व्याण्णव टक्के.

सर्जेराव त्या आकड्याकडे बघतच राहिला. पुढच्या महिन्यापासून या रस्त्यावर विनाचालक अ‍ॅम्ब्युलन्स धावणार होत्या. इथे ब्रेक कोण दाबणार होतं?