पाटीची पलीकडची बाजू

आमच्या नेमबाजी क्लबात लोखंडी पाट्या कापायचं आणि टांगायचं काम माझ्याकडे आहे. मी पोलादाच्या कारखान्यात वेल्डर होतो. कारखाना गेला, वेल्डिंग तेवढं राहिलं. कोळशासाठी कापून सोडून दिलेल्या डोंगरात आमचं मैदान आहे. लांब टोकाला मातीचा उंच बांध, त्याच्यापुढे साखळ्यांना लटकणाऱ्या पाट्या; अलीकडे पत्र्याच्या छपराखाली बाकं आणि बाकांमागे फळ्यांची भिंत. बांधापलीकडच्या उतारावर पिट्सबर्गच्या पैसेवाल्यांनी घरं बांधली, तेव्हापासून इथं फक्त पॉइंट टू-टूची बारकी गोळी चालते. मोठं काडतूस कुणी उडवलंच तर क्लबला टाळं लागेल. आम्ही मुकाट्यानं शेपूट घातली. आमचा अध्यक्ष डॅरिल बोयर मात्र हा नियम स्वतःच्या अकलेतून निघाल्यासारखा सगळ्यांना ऐकवत फिरतो.

त्यामुळे आमच्याकडच्या रायफली दिसायला लष्करी आणि आवाज लवंगी फटाक्याएवढा. आतला गोळी ढकलणारा बोल्ट काढायचा, पॉइंट टू-टूचा बसवायचा, काडतुसांचं मॅगझिन बदलायचं, झालं. स्वस्तात सैनिक झाल्यासारखं वाटतं, आणि बेकार माणसाला तेवढंही पुरतं.

एमिल ह्राबचाकची रायफल त्यातलीच, पण ती मुळात त्याच्या मुलाची, कोरीची. एमिलनंच त्याला घेऊन दिलेली. कोरी सतराव्या वर्षी सैन्यात निघाला तेव्हा आईबापाच्या संमतीवाचून घेत नव्हते. त्याची आई आर्लीन तयार नव्हती. एमिल घरात तोंड फिरवून बसला, जेवेना, बोलेना. शेवटी तिनं कंटाळून हो म्हटलं. कोरी इराकहून पेटीतून आला आणि झाकण उघडू नका असं सांगण्यात आलं. आर्लीन तेव्हापासून नवऱ्याशी कामापुरतंच बोलते, आणि एमिल दर शनिवारी मुलाची रायफल घेऊन शेवटच्या बाकावर बसतो. त्याच्या आयुष्यात दुसरं काही उरलेलं नाही. हे मला माहीत होतं, डॅरिललाही माहीत होतं.

हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला होता, झाडं उघडी पडली होती. एका शनिवारी मी एमिलच्या शेजारच्या बाकाचा पाय ठोकत होतो. त्यानं नेम धरला. पाटी टणकन वाजली आणि मग त्यानं चाप ओढला.

मी मान वर केली. तो पुढच्या पाटीवर नेम धरत होता. पुन्हा आधी पाटी वाजली, मग फट् झालं. कारखान्यानं माझे कान कामातून घालवलेत, असं मी स्वतःला सांगितलं आणि खिळा ठोकला.

दुसऱ्याच दिवशी डॅरिल त्यातली एक पाटी हातात घेऊन माझ्या दारात. एमिललाही त्यानं बोलावून घेतलं होतं. पाटीला आरपार भोक होतं. डॅरिलनं त्याला डोळा लावून आमच्याकडे पाहिलं.

"हे टू-टूचं काम आहे होय रे, एमिल?"

"मी टू-टूच मारतो."

"मग लोखंडाला काय वाळवी लागली? घरं आहेत मागे, लेका! एखादं पोर मेलं म्हणजे?"

"मी टू-टूच मारतो, डॅरिल."

"येत्या शनिवारी माझ्यासमोर मार. काडतुसं माझी. पुन्हा भोक पडलं तर तू क्लबातून बाहेर."

एमिलचा चेहरा पांढरा पडला. "तेवढं काढून नको घेऊस," तो म्हणाला. कारखान्याच्या संपात पोलिसांपुढे छाती काढणारा हा माणूस डॅरिल बोयरपुढे गयावया करताना पाहून मला शरम वाटली, आणि डॅरिलची चीड आली.

ते गेल्यावर मी पाटी उजेडात धरली. आयुष्यभर लोखंडाला भोकं पाडत आलोय. गोळी घुसते तिथं पत्रा आत दबतो, बाहेर पडते तिथं कड फाटून बाहेर येते. पाटीच्या दर्शनी बाजूला, नेमबाजाकडे असते त्या बाजूला, मी वेल्डिंगचा एक ठिपका सोडतो. फाटलेली कड ठिपक्याच्या बाजूला होती.

गोळी बांधाकडून आली होती.

मी तसाच मैदानावर गेलो. शेवटच्या बाकामागच्या फळीत भोकं होती, चहाच्या बशीखाली झाकली जातील इतकी जवळजवळ. चाकूनं एक गोळी उकरून काढली. लांबट, टोकदार, तांब्यानं मढवलेली. टू-टूची नव्हे. मी कुणालाच काही बोललो नाही.

शनिवारी डॅरिल कॉफीचा पेला घेऊन एमिलच्या बरोबर मागे उभा राहिला.

"तिथं नको, इकडे ये," मी म्हणालो.

"का? तिथून मला काय दिसणार?"

मी त्याला दंडाला धरून बाजूला ओढला. त्याच्या काडतुसांनी मी स्वतः मॅगझिन भरलं. एमिल बसला. गाल रायफलीला लावला.

पाटी वाजली.

काहीतरी सूं करून आमच्या पुढून गेलं. भिंतीतून लाकडाची कपची उडाली आणि डॅरिलच्या कॉफीत पडली.

मग एमिलच्या रायफलीचा फट् असा बारकासा आवाज झाला.

डॅरिल कॉफीतल्या कपचीकडे बघत राहिला.

पाटी बघायला तो गेलाच नाही. "तू पाटी उलटी टांगली असशील, म्हणून गोळी उलटून आली, वेंडेल," तो माझ्यावरच खेकसला. "तुमच्या टांगण्याच्या चुका, आणि ताप माझ्या डोक्याला. मार रे एमिल, मार हवं तेवढं." आणि गाडी काढून निघून गेला. असा तो अध्यक्ष. एमिलचा शनिवार मात्र वाचला.

मला वाटलं, आता तो रायफल आवरेल. तो उठला आणि भिंतीतली भोकं बोटांनी चाचपू लागला.

"मी बसलेलो असताना ही डोक्याच्या किती वर येतात?"

"एमिल, घरी जा."

"किती, ते सांग."

"चार बोटं."

त्याचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत मी त्याला असा पाहिला नव्हता. "त्याचा नेम चुकत नाही, वेंडेल. कधीच चुकला नाही. मुद्दाम वरून घालवतोय."

"कोण?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"त्याला अजून ठरवता येत नाहीये," एमिल म्हणाला. "बापाला त्यानं तरी किती ताटकळत ठेवायचं?"

पुढच्या शनिवारी तो आला तेव्हा खांद्यावर रायफल होती आणि काखेत उशी. नव्या कापडाची, घरी शिवलेली, घट्ट भरलेली. ती बाकावर ठेवून तो तिच्यावर बसला. त्याची टोपी नेहमीपेक्षा चार बोटं वर आली.

"कुठून आणलीस ही?" मी विचारलं.

"आर्लीननं शिवली. तिला सगळं सांगितलं मी. किती तरी वर्षांनी शेजारी बसून ऐकून घेतलं तिनं." त्यानं मॅगझिन बसवलं. "शिवल्यावर मला बसवूनही बघितलं. दबत होती, म्हणून उसवून आणखी कापूस भरला."