गल्लीच्या टोकाशी कोरी जागा

“गल्ली मस्त आहे जी... पण कुठं जाऊनच नाही राहिली!”

रक्षा दचकली. ब्रशातलं पाणी चित्रातल्या कौलांवर टपकलं. पवनीच्या कोष्टीपुऱ्यात, आपल्या घराच्या ओट्यावर बसून ती जन्मात पहिल्यांदा घरं रंगवत होती, आणि सायकल थांबवून एक अनोळखी पोरगा मान वाकडी करून चित्र बघत होता.

“जाईल कशी? रस्ता तुम्हीच अडवून बसले ना!” ती फणकारली.

तो खळखळून हसला. हा चंदन. आसगावच्या धानवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. चित्रकला शिकून आलेला आणि सध्या पवनीच्या एका शाळेत तासांवर शिकवणारा. त्या दिवशी तो सायकलवरून उतरला तो तास संपल्यावर रोजच उतरू लागला. आसगावचा रस्ता या गल्लीतून जात नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. बोललं कुणी नाही एवढंच.

“दोन्हीकडच्या रेषा काहून अशा दूर-दूर ठेवते?” तो विचारी. “लांब जाता जाता त्या एकमेकींच्या जवळ आल्या पाहिजेत. तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर एका ठिपक्यात भेटल्या पाहिजेत.”

“कोष्ट्याची पोर आहो मी. धागा शेजारच्या धाग्यावर गेला का कापड बिघडते. दोन रेषा जवळ आल्या का माझा हात आपोआप त्यांना दूर करते जी!”

उन्हाची तर वेगळीच तऱ्हा. तिनं हौसेनं पांढऱ्या रंगाची ट्यूब आणली होती. चंदननं ती उचलून बाजूला ठेवली.

“ऊन रंगवत नाहीत. सोडतात. तिथला कागद कोरा ठेवायचा.”

“कोरा? अन् लोक म्हणतील, विणायचं राहिलं...”

शिवाय सावल्या! ऊन सरकलं की ती नवी सावली टाकायची. शेवटी एकेका घराला दोन-दोन सावल्या पडल्या.

“पवनीत सूर्य किती आहेत वो?” चंदननं डोळे मिचकावत विचारलं. “एक वेळ ठरव ना. मग ऊन कुठंही जाऊ दे.”

“जीवच एका जागी ठरत नाही, तर वेळ कशी ठरवू!”

बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली. कारण तो चित्राकडं बघत नव्हता.

मग एक दिवस तो सायकलवरून उतरलाच नाही. एक पाय ओट्याला टेकवून म्हणाला, “नाशिकच्या शाळेत नोकरी लागली. रविवारी वरठी स्टेशनवरून गाडी आहे.”

“जा ना मग. मले काय!”

“काही... बोलायचं होतं काय?”

“नाही.”

धादांत खोटं. त्या रात्री तिला ना जेवण गोड लागलं, ना धड झोप लागली. तो गेला आणि आपण मूग गिळून बसलो, तर ही गल्ली आपल्याला रोज खायला उठेल, एवढं तिला पक्कं कळलं होतं.

रविवारी सकाळी तो पाठीला पिशवी लावून निरोपाला आला. रक्षानं त्याला बोलूच दिलं नाही.

“तिकडं, गल्लीच्या टोकाच्या ओट्यावर बसा. हलू नका.”

“कायले?”

“चित्रात माणूस पाहिजे!”

तो निमूट जाऊन बसला. तिनं नव्या कागदावर पट्टी लावली. कौलांची कड खाली उतरत गेली, ओट्यांची कड वर चढत गेली. हात सवयीनं रेषा दूर करायला गेला, पण या वेळी तिनं तो जाऊ दिला नाही. रेषा भेटल्या... आणि ती बघतच राहिली. ती इकडं बसलेली, तो तिकडं बसलेला; दोघांचे डोळे एकाच उंचीवर. साऱ्या गल्लीच्या रेषा धावत जाऊन चंदनच्या डोळ्यांत भेटत होत्या. तिनं पुन्हा पट्टी लावून पाहिली. तिथंच!

मग तिनं सकाळचंच ऊन धरलं, एकच सावली टाकली, आणि टोकाशी त्याचा सदरा कोरा ठेवला.

चंदन येऊन वाकला. “इथं रंग द्यायचा राहिला.”

“राहिला नाही. सोडला. तुम्हीच म्हणाले ना... ऊन सोडायचं असते म्हणून.”

त्यानं कौलाच्या रेषेवर बोट ठेवलं. बोट सरकत सरकत टोकाशी पोहोचलं आणि थबकलं.

“रक्षा... ह्या साऱ्या रेषा—”

“हो. तिथंच जातात. लय दूर करून पाह्यल्या मी, नाही झाल्या.” तिनं एका श्वासात सांगून टाकलं, “मले तुम्ही आवडता. झालं सांगून! आता जा खुशाल.”

घरात बाबांचा माग खटखटत होता, तो नेमका थांबला.

“जाईन,” चंदन हळूच म्हणाला. “अन् उन्हाळ्याच्या सुट्टीत आई-बाबांना घेऊन ह्याच ओट्यावर येईन. तुझ्या बाबांना सांगून ठेव.”

“ऐकलं त्यांनी,” रक्षा पुटपुटली.

माग पुन्हा सुरू झाला. चंदननं हसत हात पुढं केला. “चित्र दे. नाशिकले नेतो.”

“ओलं आहे अजून. वाळेपर्यंत बसा.”

तो तिच्या शेजारी बसला. कागद केव्हाच वाळला होता. हात लावून पाहायची घाई मात्र दोघांनाही नव्हती.