तळ्यावरचं शून्य

उत्तर ध्रुवप्रदेशातल्या संशोधन-केंद्रात शर्वरी गोडांबेने पडद्यावरचा नकाशा पाहिला आणि हातातला चहा तसाच राहिला. तळ्याच्या मधोमध हिरवी रेघ होती. सुरक्षित वाट. त्याच रेघेवरून इस्माईल मुजावर या क्षणी बर्फगाडी हाकत होता. शेजारी केंद्रप्रमुख डॉ. आठल्ये, पलीकडच्या धावपट्टीवर विमान गाठायच्या घाईत.

हजारो वर्षं गोठलेली जमीन विरघळली की जिवाणू तिच्यातला जुना पाला कुजवतात आणि मिथेन सोडतात. तो मोजायला तळ्यावर, काठावर, केंद्राभोवती जमिनीतून सुटणारा वायू पकडणाऱ्या श्वासपेट्या मांडल्या होत्या. आकडे भयंकर येत. मग आठल्येंनी संगणकात चाळणी बसवली. आकडा फार मोठा आला? यंत्राचा दोष. लिही शून्य. देणगीदार खूश, अहवाल स्वच्छ! स्वच्छ म्हणजे खोटा, हे बोलायची कुणाची छाती झाली नाही.

शर्वरीने रेडिओ उचलला. "इस्माईलभाई, थांबा!"

"काय झालं मॅडम, साखर संपली?"

"मस्करी नको. बुडबुडे तळाचं कोमट पाणी वर आणतात. जिथं वायू जास्त, तिथं बर्फ पातळ. संगणकानं वायू नसलेली वाट काढलीय. शून्य बघून!"

गाडीचं इंजिन मंदावलं. इस्माईल म्हणाला, "म्हणजे जिथं चाळणी लागली, तिथनंच?"

गाडीत आठल्येंनी इस्माईलच्या हातून रेडिओ हिसकावला. "गोडांबे, ते आकडे चुकीचेच आहेत. किती वेळा सांगू?"

"मग चला की पुढं, सर. चुकीचे असतील तर खाली हातभर बर्फ आहे. खरे असतील तर पापुद्रा."

खरखर. मग बर्फ तडकल्याचा आवाज, लांबलचक.

"साहेब, मला दोन पोरी आहेत," इस्माईल म्हणाला. "बोला लवकर."

"मागं घे," आठल्ये पुटपुटले. "आल्या चाकोरीनं."

गाडी परतली. आठल्ये आत आले तेव्हा ओठ पांढरे पडले होते, पण तोरा शाबूत. "दुसरी वाट काढा."

"काढते. पण खरी वाट हवी तर खरे आकडे हवेत. चाळणीचा संकेतशब्द तुमच्याकडेच आहे."

इस्माईल दाराशी उभा राहून बघत होता. आठल्येंनी मान खाली घालून कळा दाबल्या. चाळणी उतरली.

आधी तळं लाल झालं, सगळंच. मग काठ. मग तो लाल रंग, वायू सोडणाऱ्या विरघळत्या जमिनीचा, सरकत सरकत केंद्राच्या चौकोनाखाली शिरला.

पायाखालची फरशी बारीक करकरली. इस्माईलने टेकलेला पाय हळूच उचलला.

"साहेब," तो म्हणाला, "आता कुठं थांबायचं?"