न बिघडणारी पवनचक्की

टक टक. मग जरा थांबून, टक.

दुपारच्या शांततेत कपावर चमचा वाजला आणि मी चटकन मान वर केली. वाजवणारी ठकी होती, आमची लेक. ही खोड तिच्या बाबाची. चहा ढवळून झाला की तो असाच चमचा वाजवायचा. समुद्रातल्या पवनचक्क्यांवर बोल्ट आवळला की पान्यानेही असंच. नीट बसलाय का ते बोल्टच सांगतो, म्हणायचा.

उन्हाळ्यात तो रांगेतल्या शेवटच्या चक्कीवरून पाण्यात पडला. सकाळी बोटवाल्यांना सापडला, तिच्याच शिडीला धरून बसलेला. अंगावर साधं खरचटलेलंही नव्हतं. तेव्हापासून घरीच असतो. चहा ढवळतो आणि चमचा बशीत अलगद ठेवतो. धसका घेतलाय, असं मी आल्यागेल्याला सांगते.

माझं काम घरूनच चालतं. चक्क्यांच्या आत बसवलेल्या माइकवरून आवाज ऐकायचा आणि कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते मोडण्याआधी कळवायचं. खाऱ्या वाऱ्यात सगळ्याच चक्क्या रडतात. ती शेवटची मात्र उन्हाळ्यापासून एकदाही बंद पडलेली नाही. साहेब खूश. बाकीच्या सारख्या रुसतात, हिला काय मानवलंय ते शोधा, म्हणजे तेच सगळ्यांना लावू, म्हणाले.

म्हणून माणसं पाठवली. दाराला कुलूप तसंच होतं. आत बोल्ट घट्ट, ग्रीस ताजं.

कोणीतरी चोरून जातंय, असं सगळ्यांना वाटलं. मला नवऱ्याचाच संशय आला.

"तू जातोस का रे तिकडे?"

"मी कुठे जातो?" तो हसला.

खरंच होतं. तो उंबऱ्याबाहेरही पडत नव्हता.

आज ठकी झोपेना. तिला मांडीवर घेऊन काम करायचं म्हणून हेडफोन काढून स्पीकर लावला होता. त्या शेवटच्या चक्कीची संथ घरघर खोलीभर पसरली होती.

ठकीने पुन्हा कप वाजवला.

घरघरीच्या तळातून उत्तर आलं. टक टक. मग जरा थांबून, टक.

ती खुदकन हसली.

तो समोरच बसला होता. मी त्याच्या बशीतला चमचा उचलून त्याच्या हातात दिला.

"वाजव ना," मी म्हटलं.

त्याने चमचा उलटसुलट करून पाहिला. मग माझ्याकडे.

"कसं?"

मी स्पीकर बंद केला. ठकी माझ्या कानाशी आली आणि त्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली,

"आई, बाबा घरी कधी येणार?"