सत्ताविसाव्या अंकातलं पत्र

जवळ या सगळे, आणि ते फोन उलटे करून ठेवा. मी काही भूत बघितलेला माणूस नाही, उगाच थापा मारणार नाही. पण ज्याच्या बाबतीत हे घडलं त्याला मी तीस वर्षांहून जास्त ओळखतो. त्याच्या शेजारी बसून मी शेकडो शनिवार काढलेत. त्याला खोटं बोलायला जमतच नाही, लगेच तोंडावर दिसतं.

तर ही आमच्या बाइंडरची गोष्ट. चार वर्षांपूर्वीची. नोव्हेंबरातला दुसरा शुक्रवार होता. संध्याकाळी पाचच्या सुमारास बाइंडर दोन मोठ्या कापडी पिशव्या घेऊन घड्याळजीच्या घरी गेला. घड्याळजी, आमचा जुना दोस्त, जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. वहिनींनी, म्हणजे घड्याळजीच्या बायकोने, निरोप पाठवला होता की ह्यांचे सगळे अंक वाचनालयाला द्यायचे ठरलेत, उद्या दुपारी छोटासा कार्यक्रम आहे, आणि वाचनालयवाले आता ऐनवेळी म्हणतात की सुटे अंक नकोत, बांधून द्या. एका रात्रीचं काम, दुसऱ्या कोणी हात जोडले असते. पण वहिनी म्हणाल्या, भाऊजी, तुमच्याशिवाय कोणाच्या हाती द्यायचा धीर होत नाही. मग काय बोलणार?

अंक कसले, ते सांगतो. 'काळी कडी' नावाची भुतांची चित्रमालिका निघायची. महिन्याला एक अंक, चोवीस पानं, स्वस्तातला कागद, काळा आणि गंजासारखा लाल असे दोनच रंग. एक्केचाळीस अंक निघाले आणि बंद पडली. पण काय काढायचा तो चित्रकार! त्याने एकाही अंकात भूत काढलं नाही. भूत बघणाऱ्याचा फक्त हात काढायचा. कधी कडीवर ठेवलेला, कधी पांघरुणाच्या कडेला घट्ट धरलेला. तो हात बघून आम्हाला घाम फुटायचा. आणि शेवटच्या पानावर चित्रात एक अक्षर नसायचं. तुमच्या त्या मोबाइलवर शंभर भुतं एकदम अंगावर येतात, आणि तुम्ही जांभया देता.

आम्ही तिघं त्या मालिकेचे वेडे. बाइंडर, घड्याळजी आणि मी, तेव्हा दवाखान्यात औषधं बांधणारा. दर शनिवारी रात्री बाइंडरच्या दुकानात, कापायच्या मोठ्या टेबलाभोवती, तीन स्टुलं. एकाने अंक मोठ्याने वाचायचा. वाचणाऱ्याने शेवटच्या पानाशी थांबायचं आणि अंक न बघता डाव्या हाताला द्यायचा. डावीकडच्याने ते पान सावकाश सांगायचं, हात कुठे आहे, सावली किती लांब आहे, आणि मग त्याच पानाच्या पाठीमागचं पत्र वाचायचं. हा नियम कसा पडला कोणाला आठवत नाही. कोणाचा तरी घसा बसला असेल. पण पडला तो पडला, मालिका बंद झाल्यावरही तेच अंक आम्ही त्याच नियमाने पुन्हा पुन्हा वाचत राहिलो.

जागा ठरलेल्या, आणि वाचायचं काम कायम बाइंडरचं. बाइंडरच्या डावीकडे घड्याळजी. म्हणजे बाइंडरने घसा कोरडा करून बावीस पानं वाचायची, आणि खरी थंडी भरवणारं पान घड्याळजीने खायचं. आणि घड्याळजी सांगायचाही असा की विचारू नका. आम्ही दोघं गार. बाइंडर माझ्या कानाशी पुटपुटायचा, आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. मी हसायचो. मला वाटायचं, गंमत करतोय.

गंमत नव्हती ती. तो जळत होता, आणि खरं कारण होतं ते पत्र. 'काळी कडी'त दर महिन्याला वाचकांचं एकच पत्र छापायचे. सगळ्या वाचकांतून एक. बाइंडरने अडतीस पत्रं पाठवली. एकही आलं नाही. घड्याळजीने आयुष्यात एक पत्र पाठवलं, आणि सत्ताविसाव्या अंकात ते छापून आलं, खाली नाव-आडनावासकट. झालं! गावात ज्याला त्या मालिकेचं नाव माहीत होतं तो घड्याळजीकडे बोट दाखवायचा, हाच तो पत्रवाला. त्या पत्रात एक ओळ होती. 'शेवटचं पान उलटताना माझं बोट क्षणभर थांबतं, कारण वाटतं की पलीकडूनही कोणीतरी तेच पान धरलं आहे.' लोकांना पाठ होती ती ओळ.

आणि बाइंडरचं म्हणणं होतं की ती ओळ त्याची. एकदा घड्याळजीच्या दुकानात चहा पिताना त्याने ती बोलून दाखवली होती. घड्याळजी तेव्हा डोळ्याला भिंग लावून कोणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसला होता, नुसतं हूं म्हणाला. दोन महिन्यांनी ती छापून आली. खरंच बाइंडर बोलला होता की अंक वाचल्यावर त्याला तसं वाटायला लागलं, देव जाणे. त्याने घड्याळजीला एका शब्दाने विचारलं नाही. अभिनंदन केलं, हसून हात मिळवला, आणि ती कळ तीस वर्षं पोटात ठेवली. माणूस मेला तरी कळ गेली नाही.

तर त्या शुक्रवारी अंक घेऊन तो दुकानात आला. तीस वर्षांचे जुने अंक, पण एकाही पानाला डाग नाही, एकाचा कोपरा मुडपलेला नाही. त्यानेही बाइंडरच्या पोटात दुखलं. त्याच्या स्वतःच्या अंकांवर सगळीकडे खळीची बोटं. तो कामाला लागला. पिना काढल्या, दाभणाने भोकं पाडली, दोऱ्याने शिवलं, पाठीला खळ लावली, शिकंज्यात दाबलं, कडा कापल्या. दोन खंड झाले. पुठ्ठे तेवढे सकाळी चढवायचे राहिले. घड्याळात बघितलं तर पावणेबारा.

आता घरी जायला हवं होतं. तो गेला नाही. त्याच्या मनात संध्याकाळपासून एक गोष्ट घोळत होती. उद्या वाचनालयाच्या बाई तो खंड उघडणार, ते पत्र वाचणार, मग ते काचेच्या कपाटात राहणार, पोरंसोरं येऊन वाचणार. म्हणजे पन्नास वर्षं तोच पत्रवाला. आणि हे सगळं बांधून कोणी दिलं? बाइंडरने. आंधळं दळतंय.

ते पान कापून टाकायचं. कोणी विचारलंच तर तोंडावर फेकायला उत्तर तयार होतं, अहो, बाइंडिंगमध्ये मागचं पान जातंच, जाहिराती असतात ना. बाइंडिंगवाले खरंच तसं करतात. कोणाला शंका आली नसती.

त्याने दुसरा खंड ओढला. सत्ताविसावा अंक काढला. मुळाशी अर्ध्या बोटाची पट्टी ठेवून पातं फिरवलं, म्हणजे शिवण सुटत नाही. पान हातात आलं. सुटं.

आणि मग त्याला हाव सुटली. तीस वर्षांत हा अंक त्याने कितीदा वाचला, पण शेवटचं पान एकदाही त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. आज डावीकडे कोणी नव्हतं. आज तो ते स्वतः सांगणार होता. मोठ्याने. मग फाडणार होता.

त्याने कापलेलं पान डाव्या हातात धरलं, खंड समोर ठेवला, आणि पहिल्या पानापासून वाचायला लागला.

दुकानात एक दिवा. शटर अर्धं खाली. रस्त्यावर कोणी नाही. त्याचाच आवाज त्याला परका वाटत होता, पण वाचता वाचता गोडी लागली. सत्ताविसाव्या अंकातली ती बाई जिना उतरते. खाली दार. दाराला कडी. आतून लावलेली. ती हात पुढे करते…

बाविसावं पान संपलं.

आणि बाइंडरचा डावा हात, पान धरलेला, आपोआप डावीकडे गेला.

सवय. दुसरं काही नाही. तीस वर्षांचे शनिवार. न बघता द्यायचं. हात गेला, आणि त्याला कळलं की आपण काय करतोय, आणि त्याला स्वतःचंच हसू आलं. मूर्ख, कोणाला देतोयस?

पान हातातून गेलं.

पडलं नाही. पडल्याचा आवाज त्याला ठाऊक होता, जन्म कागदात गेला त्याचा. पडलं नाही… घेतलं. जसं कायम घ्यायचा. आधी जरासं धरून ठेवायचं. मग हळूच ओढायचं.

बाइंडर समोर बघत राहिला. समोर भिंत. भिंतीवर पुठ्ठ्याचे तुकडे. डावीकडे मान वळवायची नाही, एवढंच त्याला कळत होतं.

हात तसाच हवेत होता. रिकामा.

डावीकडे… काही नाही. श्वासही नाही. फक्त कागदाची कड टेबलाला लागल्याचा आवाज. अगदी बारीक. पान सरळ धरताना लागते तशी.

तो वाट बघत होता. हे मला त्याने सांगितलं तेव्हा त्याची मान खाली होती. म्हणाला, भीतीपेक्षा मी वाट बघत होतो, की आता तो सांगेल. कसं सांगेल ते. मेल्यावरही तो माझ्यापेक्षा चांगलं सांगेल का.

काही आलं नाही.

मग बाइंडर बोलला. तीस वर्षांत पहिल्यांदा. भिंतीकडे बघत.

"ती ओळ माझी होती."

…

"ती मी बोललो होतो. तुझ्या दुकानात. तू ऐकलीस."

…

डावीकडचं स्टूल फरशीवर सरकलं. जवळ.

बाइंडर उठला. खंड, पातं, दिवा, कशाचं भान नाही. शटरखालून सरपटत बाहेर पडला. पायात चपला नाहीत. घरी पोचला तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. बायकोने विचारलं, काय झालं. तो डावा हात धुवत राहिला.

सकाळी सहाला बायकोला बरोबर घेऊन तो दुकानात गेला. दिवा चालू. शटर तसंच अर्धं. स्टूल त्याच्या स्टुलाला चिकटलेलं. खंड टेबलावर, मिटलेला. त्याने सत्ताविसावा अंक उघडला. मागचं पान जागेवर होतं. पट्टी नाही, काप नाही, चिकटवल्याची खूण नाही. बायको म्हणाली, कुठे काय कापलंय, स्वप्न पडलं तुम्हाला. तिला त्या पत्राचं काय माहीत? त्याने पत्राकडे बघितलं. मग बराच वेळ बघत राहिला. मग पुठ्ठे चढवले.

दुपारी कार्यक्रम. मी तिसऱ्या रांगेत होतो. वाचनालयाच्या बाईंनी दुसरा खंड उघडला, पत्र वाचलं, ती ओळ आली तसे दोन-चार जण बरोबरीने म्हणाले. शेवटी बाईंनी नाव वाचलं. घड्याळजीचं. आणि थांबून, खाली बघून, दुसरं नाव वाचलं.

बाइंडरचं. आडनावासकट.

वहिनी म्हणाल्या, अगंबाई, दोघांनी मिळून लिहिलं होतं होय! टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, पण मला त्या पत्राखाली एकच नाव आठवत होतं. तसाच घरी गेलो आणि माझा सत्ताविसावा अंक काढला. एकच नाव. बाइंडरकडे जाऊन त्याचा बघितला. एकच नाव.

त्या रात्री त्याने मला सगळं सांगितलं. मला वाटलं आता रडेल, मित्राने मेल्यावर एवढं केलं, सुटला बिचारा. कसलं काय. सुंभ जळतो, पीळ जळत नाही. वर बघून म्हणाला,

"ओळ माझी, आणि माझंच नाव खाली घातलं त्याने."

अजूनही दर शनिवारी तो वाचनालयात जातो, कपाट उघडायला लावतो, ते पान बघतो आणि परत येतो. तुम्हीही जा कधी, बाई काढून देतात. तेच अक्षर, तीच जुनी छपाई, दोन्ही नावं एकाच वळणाची. वरच्या नावावरून बोट फिरवा, काही होत नाही. मग खालच्या नावावरून फिरवा.

चार वर्षं झाली… शाई बोटाला लागते.